टेपचं दुसरं टोक

प्रयोगाला पाच आठवडे उरले असताना एलस्पेथच्या नाटकात इंजिनिअरचं काम करणारा नट दुबईला गेला. त्याचा काही दोष नव्हता. कंपनीनं बदली केली आणि दहा दिवसांत हजर व्हायला सांगितलं. एलस्पेथनं ही बातमी संजीवनीला फोनवर दिली तेव्हा तिच्या आवाजात वैताग नव्हता. तिनं एवढंच विचारलं, "तुझा नवरा इंजिनिअर आहे ना? शनिवारी तालमीला येऊन नुसता वाचेल का? समोर कुणी उभं असलं की बाकीच्यांना बरं पडतं."

संजीवनी विचारते म्हणाली, पण तिला फारशी आशा नव्हती.

ती स्वतः या नाटकवाल्यांच्यात आली त्याला चार वर्षं झाली होती. सिंगापूरच्या एका बँकेत एचआरचं काम, तिथेच यिशुनला फ्लॅट, मुलगी क्षिप्रा युनिव्हर्सिटीत, असं सगळं मार्गी लागलेलं. पुण्यात कॉलेजात असताना तिनं एकांकिका स्पर्धांसाठी तीन वर्षं बॅकस्टेज केलं होतं, पण लग्नानंतर ते मागे पडलं. मग एकदा ऑफिसातली मैत्रीण तिला एलस्पेथचं नाटक बघायला घेऊन गेली. स्कॉटलंडचं नाटक म्हटल्यावर घागरेवाले पुरुष आणि बॅगपाइप असणार, असं संजीवनीला वाटलं होतं. तिथं होत्या डंडी गावातल्या तागाच्या गिरणीत काम करणाऱ्या सहा बायका. यंत्रांच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून त्या ओठांच्या हालचालींवर आणि हातवाऱ्यांवर बोलत होत्या, भांडत होत्या, एकमेकींची थट्टा करत होत्या. ताग कलकत्त्याहून यायचा. एक बाई गाठोडं सोडते आणि त्यात तिला एक काचेची हिरवी बांगडी सापडते, ती हातात घालून बघते आणि परत ठेवते, एवढा एक प्रसंग होता. त्याला संवाद नव्हता. नाटक संपल्यावर संजीवनी सरळ आत गेली आणि पुढच्या नाटकाला काही काम असेल तर सांगा, असं सांगून आली.

एलस्पेथ मन्रो तेव्हा साठीची होती. इन्व्हर्नेसजवळच्या गावातली, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली. नवऱ्याचं काम तुआसला, जहाजं तपासण्याचं, म्हणून ती सिंगापूरला आली. आल्यावर गप्प बसवेना तेव्हा लिहायला लागली. मासे साफ करत बंदरामागून बंदर फिरणाऱ्या मुलींवर एक नाटक, गिरणीवर एक, आणि आता हे तिसरं. ज्यांची नावं इतिहासाच्या पुस्तकात येत नाहीत अशाच माणसांबद्दल ती लिहायची, आणि त्यांच्याबद्दल वाईट वाटून घेऊन लिहायची नाही. संजीवनीला तिचं हे फार आवडायचं. तिच्या नाटकातली गरीब माणसं बिचारी नसत.

तिच्या नवऱ्याचं, श्रीनिवासचं, तसं नव्हतं. म्हणजे नाटक आवडत नव्हतं असं नाही, पण तो त्यात नसायचा. जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमधले पंप हा त्याचा विषय. गेली तेवीस वर्षं तो सकाळी कंपनीच्या बसनं जात होता आणि संध्याकाळी येत होता. बायकोच्या प्रत्येक नाटकाला न चुकता यायचा, मागच्या रांगेत बसायचा, संपल्यावर "छान झालं" म्हणायचा. कमी बोलणारा माणूस, पण त्याच्या कमी बोलण्याचा कुणाला त्रास नव्हता.

तिनं वाचायला येशील का म्हटल्यावर त्यानं पेपरातून मान वर न करता विचारलं, काय आहे नाटकात. संजीवनीनं सांगितलं की दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे डोंगराळ भागात विजेसाठी धरणं बांधली. अशाच एका दरीतली अकरा घरं पाण्याखाली जायची असतात. दरी खरी नाही, चारपाच खऱ्या दऱ्या मिळून एलस्पेथनं ती तयार केली आहे. इंजिनिअर घरं मोजायला येतो, असा तो भाग आहे.

श्रीनिवासनं पेपर खाली ठेवला. "वाचायला दे," म्हणाला.

दोन दिवस त्यानं ते बाड बसमध्ये नेलं आणि आणलं. शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला की नाटक उत्तम आहे, तो इंजिनिअर तेवढा चुकीचा लिहिलाय. कसा चुकीचा, म्हणून संजीवनीनं विचारलं.

"फार बोलतो," श्रीनिवास म्हणाला आणि हात धुवायला उठला.

तालमी बुगिसजवळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चालायच्या. शनिवारी दुपारी दोनला सगळे जमले. इशबेल या सत्तर वर्षांच्या बाईचं काम लिअन आंटी करत होत्या. तान स्यू लिअन हे त्यांचं पूर्ण नाव, पण त्यांना सगळेच आंटी म्हणत. चाळीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर नाटकात आल्या. ठेंगण्या, काटक, तोंडानं फटकळ. डोंगरात एकटी राहणारी, मेंढ्या राखणारी स्कॉटिश म्हातारी आणि यिशुनमधल्या चिनी आंटी यांचा काय संबंध, हा प्रश्न पहिल्या वाचनानंतर कुणालाच पडला नव्हता. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं तेव्हाच तो संपला होता.

श्रीनिवासनं वाचायला सुरुवात केली. नाटकातला इंजिनिअर एडिंबरोहून येतो, भिजलेला कोट खुंटीला अडकवतो, हवेवर विनोद करतो, प्रगतीवर बोलतो, वीज आल्यावर काय काय होईल ते सांगतो आणि बोलता बोलता घराची मापं घेतो. इशबेल तेवढा वेळ पाठ फिरवून बसते. श्रीनिवास नीट वाचत होता, पण शेतकी खात्याची सूचना वाचावी तसं. दीड पान झाल्यावर एलस्पेथनं थांबवलं. ती जवळ येऊन बसली आणि म्हणाली की संजीवनीनं मला फोनवर सांगितलंय, तुम्हाला हा माणूस पटलेला नाही. मलाही तो कुठेतरी खोटा वाटतो, पण कुठे ते सापडत नाही. तुम्हाला काय वाटतं?

श्रीनिवासनं आधी संजीवनीकडे पाहिलं. मग म्हणाला की मी लेखक नाही, पण हा माणूस एवढं बोलणार नाही. त्याला तिथून लवकरात लवकर बाहेर पडायचं असणार. आणि तो एकटा आलाय, तर मापं कशी घेतो? टेपला दोन टोकं असतात. दुसरं कुणीतरी धरावं लागतं.

एलस्पेथ म्हणाली, "खरंच की. मग कोण धरतं?"

"घरात जे असेल ते," श्रीनिवास म्हणाला. "माझ्या वेळी त्या बाईनं धरलं होतं."

 लिअन आंटींनी आपली खुर्ची त्याच्याकडे वळवून घेतली.

मग त्यानं सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, मधे थांबत. संजीवनी कपड्यांच्या रॅकपाशी उभी राहून ऐकत होती. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती आणि यातलं जवळजवळ काहीच तिला माहीत नव्हतं.

एवढं माहीत होतं की सासूबाईंचं माहेर आणि सासर, दोन्ही कोयनेच्या पाण्यात गेलं. श्रीनिवास जन्मला तो नव्या वसाहतीत. धरणग्रस्तांच्या राखीव जागेतून त्याला पाटबंधारे खात्यात पहिली नोकरी लागली, हेही माहीत होतं. ती नोकरी त्यानं वर्षा-दीड वर्षात सोडली आणि मुंबईला खाजगी कंपनीत गेला. त्या नोकरीत काय केलं विचारलं, तर "साइटवर होतो."

साइट म्हणजे सह्याद्रीतलं एक लहान धरण होतं. नव्वद साल, तो तेवीस वर्षांचा. बुडीत क्षेत्रातल्या घरांची मोजणी हे त्याचं काम. भिंती किती, त्या मातीच्या की दगडाच्या, दारं किती, छपराला कौलं की गवत, सगळं छापील तक्त्यात भरायचं. एके दिवशी टेप धरणारा माणूस तापानं आला नाही. काम थांबवून चालणार नव्हतं. पहिलंच घर हौसाबाई नावाच्या बाईचं. साठीच्या असतील. घरात दुसरं कुणी नव्हतं. श्रीनिवासनं जरा संकोचानंच त्यांना विचारलं, टेपचं टोक धरता का. त्यांनी धरलं.

"व्यवस्थित धरलं," तो म्हणाला. "भिंतीच्या कोपऱ्याला टेकवून, अंगठ्यानं दाबून. मला त्यांना काही सांगावं लागलं नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आम्ही दोघं तसे फिरलो. मागच्या बाजूला मी टेप आतल्या भिंतीला लावला तर त्या म्हणाल्या, इथनं नको, पल्याडनं घे, चुलीची जागा ऱ्हाईल. मी चुकत होतो आणि त्या मला बरोबर करत होत्या. त्यांचंच घर होतं ते."

मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, साहेब कुठल्या गावचे? त्यानं वसाहतीचं नाव सांगितलं. ते नाव त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाकुणाची घरं गेली आणि कोण कुठे जाऊन राहिलं, ते त्या नावातच होतं. हौसाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि एकच वाक्य बोलल्या. श्रीनिवासनं ते आधी मराठीत म्हटलं, मग इंग्रजीत.

"मग तुला समदं ठावं हाय. नीट लिही म्हंजे झालं."

त्यानं नीट लिहिलं. ज्याला तक्त्यात रकाना नव्हता तेही लिहिलं. दारापुढची दगडी पायरी, अंगणातलं बसकं उखळ, तुळशीचा कट्टा. वरच्या साहेबांनी त्या ओळी लाल पेन्सिलनं खोडल्या.

एलस्पेथनं हळूच विचारलं की म्हणून नोकरी सोडलीत का. श्रीनिवास म्हणाला, नाही. तसं सांगायला बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. त्यानंतर सत्तावीस घरं मोजली. दुसरी नोकरी मिळाली तेव्हा गेलो.

त्या दिवशी तो प्रवेश पुढे वाचला नाही. एलस्पेथनं सगळ्यांना चहासाठी खाली पाठवलं आणि स्वतः वही घेऊन खिडकीपाशी बसली. निघताना तिनं श्रीनिवासला थांबवलं. हे मी नाटकात घेऊ का, असं तिनं विचारलं, आणि विचारायची तिची तऱ्हा अशी होती की तो नाही म्हणाला असता तर तिनं तो विषय पुन्हा काढला नसता. तो म्हणाला घ्या, फक्त माझं नाव कुठे नको. आणि ते वाक्य त्या बाईचं आहे. कुणाला द्यायचं तर त्या म्हातारीलाच द्या.

परतीच्या मेट्रोत दोघं शेजारी बसून होती.  घरी आल्यावर तिनं दोन कप चहा केला आणि टेबलाशी त्याच्या समोर बसली.

"मला कधीच सांगितलं नाहीस."

"काय सांगणार होतो? मी घरं मोजत होतो."

"एवढी वर्षं मी तुझ्याबरोबर राहतेय, श्रीनिवास."

त्यानं कप बाजूला सरकवला. मग म्हणाला की तुझा प्रश्न नव्हता, आईचा होता. तिला केवढा अभिमान होता सरकारी नोकरीचा. सगळ्या वसाहतीला पेढे वाटले होते तिनं. तिला वाटायचं मी कालवे बांधतोय. शेवटपर्यंत तिला तेच वाटलं. तिला जे सांगितलं नाही ते तुला सांगायचं, तर मग तिच्यापासून लपवलंय हे मलाच मान्य करावं लागलं असतं.

सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. संजीवनीला आठवलं की त्या सिंगापूरला आल्या होत्या तेव्हा श्रीनिवास त्यांना सगळीकडे घेऊन फिरला, पण जलाशयाच्या बाजूला कधी नेलं नाही. तो तर घरापासून चालत जाण्याएवढा जवळ. तिनं तेव्हा ते ऊन लागेल म्हणून असेल, असं धरलं होतं. ती रागावली नाही. तिला उलट वाटलं, आपण ज्याला अबोल म्हणत आलो तो अबोल नव्हताच. त्यानं एक गोष्ट तोंडात धरून ठेवली होती आणि ती सांडू नये म्हणून बाकीचंही बोलत नव्हता.

मंगळवारी एलस्पेथनं नवा प्रवेश पाठवला. साडेतीन पानांची दोन पानं झाली होती. इंजिनिअरची हवा, वीज, प्रगती सगळी गेली होती. तो आत येतो, कोट काढत नाही, टोपी हातात धरतो. टेप काढतो. इशबेलला टोक धरायला सांगतो. त्या दोघांना मिळून बावीस वाक्यं, त्यातली बरीचशी नुसती मापं. खाली तिनं लिहिलं होतं की हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं असं मला आता वाटत नाही.

श्रीनिवास नको म्हणाला. आपला उच्चार सांगली-साताऱ्याचा, आपण जन्मात नाटक केलं नाही, आणि स्कॉटलंडचा इंजिनिअर असा दिसतो का. एलस्पेथनं यावर फोनवर एवढंच सांगितलं की माझी इशबेल लहानपणी हॉक्कियन चिनी बोलत मोठी झालीय, तुमचा प्रश्न तिला विचारा. त्यानं खरंच विचारला. लिअन आंटी सिंगापुरी पद्धतीनं शेवटी 'ला' लावून म्हणाल्या, "तू धर ला. नाहीतर मी टेप कुणाच्या हातात देऊ?"

मग तो तयार झाला, आणि तयार झाल्यावर कळलं की त्याला अजिबात जमत नाही. हॉलमध्ये बसून सांगताना ज्याचा आवाज सगळ्यांना धरून ठेवत होता, तो माणूस उभा राहिला की खांब व्हायचा. जमिनीकडे बघून बोलायचा. बसमध्ये पाठ केलेली वाक्यं ऐन वेळी उलटीपालटी व्हायची. एलस्पेथ चिडली नाही. तिनं त्याला अभिनय कसा करायचा ते एकदाही सांगितलं नाही. कामाचंच विचारायची. आता तुम्हाला कुठली भिंत मोजायची आहे? ती मोजायला कुठे उभं राहावं लागेल? या घरात उजेड कुठून येतो, आकडा दिसेल का तिथून? या प्रश्नांना त्याच्याकडे उत्तरं असत, आणि उत्तरं देता देता तो चालायला लागे. संजीवनी हे बघत राहायची. माणसाला जे येतं त्यातूनच त्याला पुढे न्यायचं, हे ती बाई इतक्या सहज करत होती की केलेलं दिसत नव्हतं.

बाकीचं लिअन आंटींनी केलं. तो खाली बघायला लागला की त्या आपल्या टोकाकडून टेपला असा हिसका देत की त्याला वर बघावंच लागे. "पेशंट पण असेच असतात," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन देणाऱ्याकडे बघत नाहीत." एकदा डबा खाताना त्यांनी संजीवनीला सांगितलं की त्यांचं लहानपण यिशुनलाच, तेव्हा त्या जागेला 'नी सून' म्हणत, डुकरं आणि रंबुतानची झाडं असलेल्या वाडीत गेलं. ती वाडी उठवली तेव्हा त्या नोकरीला लागलेल्या होत्या. नव्या फ्लॅटमध्ये नळ होता, संडास होता, आई खूश झाली. आणि मग रोज पहाटे उठून खायला घालायला डुकरं नाहीत म्हणून गॅलरीत उभी राहायची. हे सांगून त्यांनी डबा बंद केला आणि बेसिनपाशी निघून गेल्या.

टेप संजीवनीनं शोधून आणला. त्या काळी स्टीलचा नसेल, कापडी असेल, चामड्याच्या गोल डबीतला, फूट-इंचांचा, असं श्रीनिवासनं सांगितलं होतं. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानात तसा मिळाला. पिवळा पडलेला, पण आकडे स्पष्ट होते.

चार प्रयोग होते. पहिल्या दोन प्रयोगांत श्रीनिवास बरा होता, वाक्यं विसरला नाही, टाळ्या चांगल्या पडल्या. शनिवारी क्षिप्रा मैत्रिणींना घेऊन आली होती. संपल्यावर तिनं बाबाला "नॉट बॅड" म्हटलं आणि थोड्या वेळानं पुन्हा येऊन विचारलं की ते तुझंच आहे ना, मम्मीनं सांगितलं नाही पण मला कळलं. तो हो म्हणाला. तिनं तिथेच, सगळ्यांसमोर, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

रविवारी दुपारी तिसरा प्रयोग. हॉल भरलेला. तिकडचे बरेच लोक होते, स्कॉटिश मंडळाची म्हातारीकोतारी आली होती. संजीवनी विंगेत नाटकाचं पुस्तक घेऊन उभी होती. मोजणीचा प्रवेश सुरू झाला. श्रीनिवासनं टोपी हातात घेतली, टेप काढला, लिअन आंटींनी टोक धरलं. पहिली भिंत झाली, दुसरी झाली. तिसऱ्या भिंतीला, लांबच्या, टेप ताणला आणि मधेच तुटला. इतक्या वर्षांचं कापड, कुठेतरी विरलं असणार. एक तुकडा श्रीनिवासच्या पायाशी पडला आणि दुसरा आंटींच्या हातात लोंबत राहिला.

 पुस्तकात पुढचं वाक्य श्रीनिवासचं होतं, भिंतीचं माप. माप घ्यायलाच आता काही नव्हतं. तो तुटलेल्या टोकाकडे बघत उभा होता.

लिअन आंटी घाई न करता चालत आल्या. त्यांनी त्याच्याकडचा तुकडा उचलला, आपला त्याला जोडला आणि गाठ मारली. पक्की, नर्सच्या हातची गाठ. दातांनी ओढून घट्ट केली. परत भिंतीपाशी गेल्या, टोक कोपऱ्याला टेकवलं, अंगठ्यानं दाबलं.

श्रीनिवासनं टेप ताणला. आकडा वाचला. "एकोणीस फूट चार इंच."

आंटी म्हणाल्या, "गाठीत चार इंच गेले. तेवढे कमी कर. माझं घर आहे तेवढंच लिही."

हे वाक्य पुस्तकात नव्हतं. विंगेत संजीवनीच्या मागे एलस्पेथ येऊन उभी राहिली होती, तिचा श्वास ऐकू येत होता.  श्रीनिवासनं वही उघडली, पेन्सिल टेकवली आणि थांबला. मग वर बघितलं, या वेळी कुणी टेप ओढला नव्हता.

"ते चार इंच राहू देत," तो म्हणाला, आणि लिहिलं.

 इशबेलनं मान हलवली, परवानगी दिल्यासारखी, आणि मग नाटकातलं, हौसाबाईंचं, वाक्य बोलली.

प्रयोग संपल्यावर लोक बराच वेळ उठले नाहीत. पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ एलस्पेथला म्हणाले की ती गाठीची जागा तुम्ही फार विचार करून लिहिलेली दिसते. तिनं खरं काय ते सांगितलं आणि आंटींकडे बोट दाखवलं. मग आत येऊन तिनं संजीवनीच्या हातातलं पुस्तक मागून घेतलं आणि पेनानं ती दोन वाक्यं त्यात घातली. शेजारी कंसात दोघांची नावं लिहिली. श्रीनिवास नको म्हणाला होता ते तिला आठवत होतं, तिनं वर बघून त्याला विचारलं. तो म्हणाला, लिहा आता.

घरी जाताना त्यानं संजीवनीला सांगितलं की माप चुकीचं आहे हे माहीत असून ते वहीत लिहायची त्याच्या आयुष्यातली ही पहिली वेळ. सांगताना त्याला अपराधी वाटत नव्हतं. उलट तो स्टेशनपासून घरापर्यंत बोलतच होता, पाणी, माती, कौलं, वसाहतीतली शाळा, आईनं लावलेली पण तिथं कधी न धरलेली आंब्याची कलमं. 

एलस्पेथ त्या उन्हाळ्यात घरी गेली तेव्हा तिकडच्या एका फिरत्या नाटक मंडळीनं ते नाटक घेतलं. गावोगावच्या हॉलमध्ये करणार होते. तिनं लांबलचक मेल लिहिली, त्यात एक ओळ अशी होती की इथे टेप रोज तोडतात आणि रोज गाठ मारतात, पण आंटींसारखी कुणाला जमत नाही.

श्रीनिवासनं मात्र दुसरंच काम हाती घेतलं होतं. साताऱ्याला असलेल्या निहार या त्याच्या मावसभावाला त्यानं हौसाबाईंच्या गावाचं नाव दिलं आणि ते लोक कुठे वसले ते शोधायला सांगितलं. निहारला दोन महिने लागले. हौसाबाई दोन हजार तीन साली गेल्या होत्या. सून होती, नव्या गावठाणात राहत होती. निहारनं तिचा नंबर पाठवला.

नंबर आल्यावरही त्यानं तीन रविवार घालवले. चौथ्या रविवारी सकाळी दिवाणखान्यात बसून फोन लावला. संजीवनी शेजारी होती. स्पीकर त्यानं तिच्यासाठी सुरू ठेवला. आपण कोण ते सांगायला त्यानं काही तयारी केली होती, पण ऐन वेळी तो सरळ म्हणाला की ताई, नव्वद साली तुमच्या सासूबाईंचं जुनं घर मी मोजलं होतं. सरकारी माणूस म्हणून.

 आता ती काय बोलेल, या विचारानं संजीवनीनं त्याचा हात धरला. बाई रागावली नाही आणि रडलीही नाही. तिनं विचारलं, "केवढं व्हतं हो आमचं घर? मी लगीन होऊन आले ती हितंच आले. आत्या नुसतं म्हणायच्या, मोठ्ठं व्हतं. पोरं म्हंत्यात, म्हातारीचं कायतरी."

श्रीनिवास म्हणाला, "मोठं होतं." आणि सांगायला लागला. पाच खणांचं घर. पुढे ओटी, सोळा फूट लांब, तिला दोन लाकडी खांब. आत माजघर, त्याला डाव्या हाताला दार. मागे चुलीची जागा, ती वेगळी, पलीकडच्या भिंतीपासून धरायची. त्याच्यापुढे कागद नव्हता. तो हातानं हवेत भिंती दाखवत होता आणि पलीकडे ती बाई कुणाला तरी हाका मारून वही आणायला सांगत होती.

"परड्यात फणस व्हता म्हंत्यात," ती म्हणाली. "खरं का?"

 श्रीनिवास म्हणाला, झाडं मोजायला दुसरा माणूस होता, मला झाडाचं आठवत नाही.

"ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाली. "फणस व्हता आसं धरते मी. आता वटीपासनं परत एकदा सांगा, पोरगा लिहून घेतुया."